सत्य आपले, किंमत कुणाची?

आपल्या मंडळाच्या वाचनवर्गात गेल्या वर्षी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे वाचन झाले. वर्गाला नेहमीचीच पंधरा-वीस मंडळी होती; बहुतेक सारी होळकरशाहीच्या काळापासून इंदुरात स्थायिक झालेल्या घराण्यांतली. चर्चा अपेक्षेप्रमाणे लक्ष्मीबाईंच्या निर्मळ विनोदावर, त्यांच्या बोलत्या भाषेवर आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या लहरी, तापट परंतु विलक्षण उदार स्वभावावर झाली. समारोप व्हायचा, तोच मागच्या रांगेतल्या एका वयस्क भगिनीने विचारले, “टिळकांना ख्रिस्त सापडला, हे मान्य. पण तो सापडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी काय म्हणून सोसायचे?”

कुणालाच उत्तर देता आले नाही. वर्ग चहापानाने संपला. प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला आणि अद्याप गेलेला नाही. त्याचे आमच्यापुरते उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे. आम्ही ख्रिस्ती नाही, धर्मशास्त्राचे अभ्यासकही नाही. आयुष्य राज्य शासनाच्या सेवेत, फायलींवर टिपणे लिहिण्यात गेले. तथापि हा प्रश्न एका धर्माचा नाही. ज्या कोणाला एखादे सत्य आपले वाटले आणि त्यासाठी घराचा उंबरठा ओलांडावा लागला, त्या प्रत्येकाच्या घरात तो कुणीतरी मनातल्या मनात विचारलेला असतो.

प्रथम हकीकत थोडक्यात सांगणे इष्ट होईल. टिळकांचा जन्म कोकणातील करजगावचा, १८६१ सालचा. संस्कृताचे अध्ययन, कवित्व आणि वक्तृत्व या तिन्ही देणग्या लाभलेल्या. परंतु एका गावी, एका नोकरीत स्थिरावणे त्यांना जमले नाही. राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी जात असता आगगाडीत त्यांना एक युरोपीय गृहस्थ भेटले. गप्पा काव्यावरून धर्मावर आल्या आणि निरोप घेताना त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली. टिळकांनी तो ग्रंथ टीकाकाराच्या दृष्टीने वाचायला घेतला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते पोहोचले आणि तेथून त्यांचा पाय निघेना. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वय तेहतीस. पत्नीची संमती नव्हती, पदरी लहान मुलगा होता. त्यानंतरची चार-पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी नातलगांच्या आधाराने, पतीपासून दूर, जनांच्या बोलांत आणि स्वतःच्या शोकात काढली. कुंकू असून वैधव्य, असेच त्या अवस्थेचे वर्णन करावे लागेल.

आता त्या प्रवचनाकडे वळू. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचवा, सहावा आणि सातवा असे ते तीन अध्याय आहेत. दीनांची धन्यता, शत्रूवर प्रेम, उजव्या हाताचे दान डाव्या हाताला न कळू देणे, उद्याची चिंता न करणे, हे सारे त्यातलेच. टिळकांना त्यात जे भावले ते बहुधा हेच असावे की, येथे मताचे मंडन नव्हते. जगण्याची रीत सांगितली होती. तथापि याच प्रवचनात, पाचव्या अध्यायाच्या मध्यावर, एक आज्ञा आहे, तिच्याकडे आमचे लक्ष फार उशिरा गेले. तिचा आशय असा : तू वेदीपाशी आपले दान आणलेस आणि तेथे तुला आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे, तर ते दान तेथेच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर आणि मग येऊन दान अर्पण कर.

ही आज्ञा बारकाईने पाहण्याजोगी आहे. तुझ्या मनात कुणाविषयी राग असेल तर, असे येथे म्हटलेले नाही. दुसऱ्याच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असे म्हटले आहे. म्हणजे आपले मन स्वच्छ आहे, एवढ्याने भागत नाही. आपल्या स्वच्छ मनाने केलेल्या कृत्याचा घाव ज्याच्यावर बसला, त्याच्याकडे चालत जाणे हे भक्ताचे काम. आणि तेही उपासनेच्या आधीचे. दुसरे असे की, दान परत ने, असेही म्हटलेले नाही. ते वेदीपाशीच राहू दे, फक्त ते अर्पण करण्याआधी जाऊन ये, एवढेच. ज्याने टिळकांना घराबाहेर काढले, त्याच प्रवचनाने त्यांना घराकडे जाण्याचीही आज्ञा केली होती. पहिली हाक ऐकू आली तितकी दुसरी त्यांना त्या दिवसांत ऐकू आली असेल का, हे आपण सांगू शकत नाही. परंतु पुढच्या चोवीस वर्षांत ती त्यांना उत्तरोत्तर अधिक ऐकू येत गेली, असे त्यांचे चरित्र पाहता म्हणावेसे वाटते. आणि आध्यात्मिक वाढ म्हणजे काय, याचे आमच्या दृष्टीने ते एक चांगले उदाहरण आहे.

येथे कोणी म्हणेल, हा टिळकांवर अन्याय आहे. सद्सद्विवेकाला कुटुंबाची परवानगी घेऊन चालायचे असते, तर जगात कोणतेच सत्य घराबाहेर पडले नसते. आक्षेप खरा आहे आणि शास्त्राचाही त्याला आधार आहे. त्याच शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात, जो आईबापांवर माझ्यापेक्षा अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही, अशा अर्थाचे कठोर वचन येते. आपल्या परंपरेतही हेच दिसते. सिद्धार्थ गौतम रात्री राजवाडा सोडून गेले. समर्थ बोहल्यावरून पळाले, असे आपण कौतुकाने सांगतो; त्या मंडपात उभ्या असलेल्या मुलीचे पुढे काय झाले, हे विचारण्याची आपल्याला आठवण राहत नाही. तुकोबांच्या जिजाईला तर आपण कर्कशा ठरवून मोकळे झालो. घरात धान्य नसताना मुलांच्या तोंडात काय घालावे, हा तिचा प्रश्न होता, हे आपण विसरलो.

मात्र आपल्याच परंपरेत एक निराळी कथाही आहे. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत पत्नीला मागे ठेवून काशीस गेले आणि त्यांनी संन्यास घेतला. पुढे गुरूंना ती हकीकत कळली, तेव्हा त्यांनी विठ्ठलपंतांना आळंदीस परत पाठविले. गुरूने संन्यास खोटा म्हटला नाही. रुक्मिणीबाईंचे देणे बाकी आहे, एवढे ओळखले. विठ्ठलपंत परतले, तेव्हा समाजाने त्यांना वाळीत टाकले. जो सोडून जातो त्याला आपण वंदन करतो आणि जो परत येतो त्याला बहिष्कृत करतो, ही आपल्या धर्मबुद्धीतील मोठीच विसंगती होय. ज्या चार भावंडांवर महाराष्ट्राचे आध्यात्मिक वैभव उभे आहे, ती त्या परतीमुळे जन्माला आली, हे ध्यानात घेतले म्हणजे परत येण्याचे मोल कळते.

तेव्हा आक्षेप मान्य करूनच आमचे म्हणणे मांडतो. सत्याच्या मागे जाण्यासाठी कुणाची अनुमती लागत नाही. ती मिळेपर्यंत थांबणारा बहुधा कधीच निघत नाही. परंतु अनुमती लागत नाही म्हणून देणे लागत नाही, असे होत नाही. आपल्या निर्णयाची किंमत ज्यांनी न विचारता भरली, त्यांचे आपण ऋणी असतो. निर्णय योग्य ठरला, तरी ऋण फिटत नाही. निर्णय कर्त्याचा खरा. त्याचा खर्च पडतो तो मात्र त्याच्या निकटच्या माणसांवर.

टिळकांनी हे ऋण कसे ओळखले, ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी पत्नीशी पत्रव्यवहार तुटू दिला नाही. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला त्यांच्याकडे आल्या त्या आपला धर्म, आपले सोवळे-ओवळे घेऊनच. ते मोडण्याची सक्ती टिळकांनी केली नाही. आपल्याला सत्य गवसले आहे अशी ज्याची दृढ खात्री आहे, अशा तापट माणसाने घरातल्याच माणसाच्या वेगळ्या श्रद्धेपुढे थांबणे, याला आम्ही बाप्तिस्म्याइतकीच महत्त्वाची घटना समजतो. लक्ष्मीबाईंनी जातिभेदाचा विचार स्वतःच्या बुद्धीने केला; ही विषमता देवाची नसून माणसांची निर्मिती आहे, या निष्कर्षावर त्या स्वतःच्या पायांनी आल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो आपल्या विचाराने. पतीच्या मागे फरफटत गेलेली स्त्री ‘स्मृतिचित्रे’ लिहू शकली नसती. त्या पुस्तकात त्या पतीची थट्टा करतात, त्यांचे दोष सांगतात, आपले हाल लपवीत नाहीत. आणि तरीही वाचकाच्या मनात टिळकांविषयी आदरच वाढतो. ज्याने दुखावले त्याची कथा दुखावलेल्या माणसाने इतक्या प्रसन्नपणे सांगावी, ही साक्ष कोणत्याही प्रशस्तिपत्रकापेक्षा मोठी आहे.

१९०४ साली टिळकांना पाळकाची दीक्षा मिळाली. पाळक म्हणून त्यांचे चिंतनही याच दिशेने गेलेले दिसते. ख्रिस्ती होणे म्हणजे आपली माणसे, आपली भाषा, आपला देश सोडणे नव्हे, हे त्यांनी आग्रहाने मांडले. परक्या चालींवर बसवलेली भाषांतरित गीते मराठी मंडळीच्या ओठांवर बसत नाहीत, हे ओळखून त्यांनी अभंग, पदे आणि भजने रचली, कीर्तनाचा आश्रय घेतला. आजही मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना संगीता’त त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. म्हणजे जे घर सोडले असे वाटले होते, त्याच घराच्या वाटेने आपण येथवर पोहोचलो, हे त्यांना वयाबरोबर कळत गेले. वेदीवरून उठून भावाकडे जाण्याचाच हा एक प्रकार नव्हे काय?

गोव्यातील वाचकांना येथे फादर स्टीफन्स यांची आठवण होईल. इंग्लंडात जन्मलेल्या या जेज्वीट पाळकाने आपल्या धर्मग्रंथाची कथा मराठी ओवीत बांधली आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. परकीय पाळकाला आपल्या श्रोत्यांकडे चालत जायचे, तर त्यांच्या भाषेपर्यंत जावे लागले. टिळकांचे तसे नव्हते. त्यांना परत यायचे होते. पंडिता रमाबाईंनी केडगावी आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालविली, ते पंडितांसाठी नव्हे, तर साध्या खेडवळ स्त्रियांना कळावे म्हणून. संस्कृत पंडिता म्हणून गाजलेल्या विदुषीने भाषेची सारी आभूषणे उतरवून ठेवली. शास्त्राचे वाचन माणसात मुरले की नाही, हे अशा खाली उतरण्यावरून ओळखता येते.

पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना म्हटले आहे की, तुम्ही अजून बालके आहात, म्हणून मी तुम्हाला दूध पाजले, जड अन्न दिले नाही. जड अन्न म्हणजे गहन सिद्धान्त, असे आम्ही समजत होतो. पण पुढे वाचत गेले की दिसते, पौलाची तक्रार सिद्धान्ताच्या अज्ञानाविषयी नाही. तुमच्यामध्ये हेवा आणि कलह आहे, म्हणून तुम्ही बालके, असे तो सांगतो. आणि त्याच पत्राच्या तेराव्या अध्यायात, डोंगर हलविणारा विश्वास असला तरी प्रीती नसेल तर मी काहीच नाही, असा त्याचा अभिप्राय आहे. श्रद्धेची वाढ मोजण्याचे माप श्रद्धेच्या उत्कटतेत नसून शेजारच्या माणसाशी असलेल्या संबंधात आहे, हे शास्त्र पुनःपुन्हा सांगते. आपण मात्र पारायणांची संख्या मोजीत बसतो.

१९१७ साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही स्थान होते. बावीस वर्षांपूर्वी ज्या पाण्याने त्यांना आप्तांपासून वेगळे केले होते, त्या पाण्याची अट त्यांनी येथे ठेवली नाही. वेतन सोडले म्हणजे त्याचा भार पुन्हा घरावर आला, हेही नमूद केले पाहिजे. टिळक निर्दोष झाले, असे आम्हांला सुचवायचे नाही. ९ मे १९१९ रोजी ते गेले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. एकेकाळी ज्या ग्रंथाने घर मोडले, त्याच ग्रंथाची ओवीबद्ध कथा त्या स्त्रीने लिहावी, यात त्या दोघांचा समेट किती खोलवर गेला होता, ते दिसते.

आता हा प्रश्न आमच्या पाठीस का लागला, ते सांगणे प्राप्त आहे. १९९२ साली आम्ही एका चौकशीत जसे आढळले तसे लिहिले. अहवाल काहींना गैरसोयीचा होता. महिन्याभरात आमची बदली राजनांदगावला झाली. ते तेव्हा मध्य प्रदेशातच होते. आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली, मुलगी चौथीत, मुलगा पहिलीत. तिघांना घेऊन सौभाग्यवती इंदुरातच राहिली. नागपूरच्या पुढे गोंदिया, डोंगरगड करीत गाडी राजनांदगावला पोहोचली, तेव्हा याच मार्गावर टिळकांच्या हाती नवा करार आला होता, हे स्मरून आम्हांला मोठे धन्य वाटले. आपणही सत्यासाठी घर सोडून निघालो आहोत, असा काहीसा अभिमान त्यात होता. तेथे दोन वर्षे काढली. पुढे सत्तावीस वर्षे ती गोष्ट आम्ही कितीकांना सांगितली. २०१९ साली सेवानिवृत्तीच्या समारंभातही सांगितली, टाळ्या झाल्या.

घरी परतताना सौ. एवढेच म्हणाली, “तुम्ही राजनांदगावचं सांगितलंत. इंदूरचं कुणी सांगायचं?”

आम्हांला राग आला. शुभप्रसंगी असे बोलायचे काय, असे वाटले. विषय तेथेच संपला. म्हणजे आम्ही तो संपविला. वाचनवर्गातल्या त्या भगिनीचा प्रश्न ऐकेपर्यंत तो तसाच पडून होता. त्यानंतर एका संध्याकाळी आम्ही सौ.ला म्हणालो, “त्या दोन वर्षांचं सांग. मी मध्ये बोलणार नाही.”

ती तीन संध्याकाळ सांगत होती. बदलीनंतर आमचे अंतिम वेतन प्रमाणपत्र वेळेवर न पोहोचल्याने चार महिने पगार निघाला नव्हता. त्या दिवसांत घर तिच्या भावाने दिलेल्या पैशांवर चालले, अशी आमची समजूत होती. तिने पाटल्या मोडल्या होत्या. भावापुढे हात पसरणे आम्हांला आवडणार नाही म्हणून तिने तो पसरलाच नव्हता आणि आम्हांला चिंता नको म्हणून खोटे सांगितले होते. आईला कुशीवर वळवायला दुपारी शेजारीण येई. पुढे ती येईनाशी झाली. साहेबांनी काहीतरी खाल्ले असेल म्हणून उचलबांगडी झाली, अशी कुजबुज आळीत सुरू होती. शाळेत मुलाला कुणीतरी तसे विचारले. त्याने घरी येऊन आईला विचारले, “बाबा चोर आहेत का?” ज्या प्रामाणिकपणाचे श्रेय आम्ही सत्तावीस वर्षे घेतले, त्याच्यापायी आमच्या सहा वर्षांच्या मुलाने हा शब्द ऐकला होता आणि आम्हांला त्याची वार्ताही नव्हती.

तो अहवाल लिहिला ते चुकले, असे आम्हांला आजही वाटत नाही. सौ.लाही वाटत नाही. तिसऱ्या दिवशी तिने ते आपणहून सांगितले. “लिहिलंत ते बरोबरच होतं. पण माझंही काही होतं त्यात, हे तुम्हांला कधी दिसलं नाही.” आम्ही क्षमा मागितली. ती काही बोलली नाही. उठून देवाजवळ दिवा लावायला गेली.

मार्काच्या शुभवर्तमानात एका शेतकऱ्याचा दृष्टान्त आहे. तो बी टाकतो, झोपतो, उठतो. बी रुजते आणि वाढते, ते कसे हे त्याला कळत नाही. श्रद्धेची वाढ अशीच माणसाच्या नकळत होत असावी. ज्याला ती आपल्यात झालेली दिसते, त्याने घरच्या माणसांना एकदा विचारून घ्यावे, एवढे आम्ही आता म्हणू. टिळकांना ही वाट चार-पाच वर्षांत सापडली. आम्हांला तीस वर्षांहून अधिक लागली. मुलाशी बोलणे अजून बाकी आहे. तो पुण्यास असतो. दिवाळीला येईल, तेव्हा त्या शाळेतल्या दिवसाविषयी त्याला विचारायचे, असे आम्ही ठरविले आहे.